घरगुती संगणकावरील पृथ्वी : उपग्रहचित्रांचे वाचन आणि साधनचिकित्सा

जुना कागद हाती आला म्हणजे इतिहासाचा अभ्यासक त्यातील मजकुराकडे वळण्यापूर्वी काही प्रश्न विचारतो. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, तो अस्सल आहे की नक्कल, त्यावर मागाहून कोणाचा हात फिरला आहे काय, या गोष्टी ठरल्यावाचून तो पुराव्यास घेता येत नाही. वि. का. राजवाडे यांच्या पिढीपासून महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनात साधनचिकित्सेची ही शिस्त रुजलेली आहे. भूगोलाच्या अभ्यासकासमोर उपग्रहावरून टिपलेले चित्र आले असता मात्र हे प्रश्न बहुधा मागे पडतात. जे प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसते त्याला आणखी साक्षीदार कशाला, अशी मनाची सहजप्रवृत्ती असते. घरच्या संगणकावर पृथ्वीचा गोल फिरवून हवे ते गाव पाहण्याची सोय झाल्यापासून ही प्रवृत्ती अधिकच बळावली आहे. परंतु पडद्यावर दिसणारी पृथ्वी हा अनेक साधनांतून, अनेक काळांतून आणि अनेक हातांतून रचला गेलेला दस्तऐवज आहे. त्याचे वाचन दस्तऐवजाप्रमाणेच झाले पाहिजे, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उगम

या प्रकारच्या संगणक-प्रणालींत सर्वांत अधिक प्रसार पावलेली प्रणाली म्हणजे 'गूगल अर्थ' होय. ती जून २००५ मध्ये सर्वांस विनामूल्य उपलब्ध झाली. तिचा मूळ आराखडा मात्र गूगल कंपनीचा नव्हता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या 'कीहोल' नामक एका लहान अमेरिकन कंपनीने 'अर्थव्ह्यूअर' या नावाने तो तयार केला होता. अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाशी संलग्न असलेल्या 'इन-क्यू-टेल' या संस्थेने २००३ मध्ये त्या कंपनीत भांडवल घातले. त्याच वर्षीच्या इराक युद्धात दूरचित्रवाणीच्या वार्तापत्रांतून ही चित्रे जगाने पाहिली, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली.

कीहोल, म्हणजे कुलपाचे छिद्र, हे नाव सूचक आहे. अमेरिकेच्या हेर-उपग्रहांना याच शब्दाची आद्याक्षरे संकेतनाम म्हणून लावली जात. त्यांतील 'कोरोना' या मालिकेतील उपग्रहांनी १९६० पासून १९७२ पर्यंत परराष्ट्रांच्या भूमीची छायाचित्रे घेतली. त्या काळी उघडलेली फिल्म एका पेटीत घालून आकाशातून खाली सोडली जाई, आणि हवाई छत्रीने उतरणारी ती पेटी विमान अधांतरीच झेलून घेई. यांतील आठ लक्षांहून अधिक छायाचित्रे १९९५ मध्ये गुप्ततेतून मुक्त करण्यात आली. आज पुरातत्त्वज्ञ त्यांचा मोठ्या आस्थेने उपयोग करतात, कारण धरणे, कालवे आणि वाढती शहरे यांखाली पुढे गडप झालेली भूमी त्यांत जशीच्या तशी राहिली आहे.

दुसरी परंपरा प्रकट संशोधनाची होती. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडण्यात आला. भारताचा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह, आय. आर. एस.-१ ए, मार्च १९८८ मध्ये कक्षेत गेला. २००८ मध्ये लँडसॅटचे संपूर्ण भांडार विनामूल्य झाले, आणि ऑगस्ट २००९ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संस्थेने 'भुवन' हे आपले स्वतंत्र दालन उघडले. हेरगिरीची नजर आणि सर्वेक्षणाची नजर अशा दोन प्रवाहांचा संगम आजच्या घरगुती पडद्यावर झालेला आहे.

रचना

एवढी मोठी पृथ्वी सामान्य संगणकात मावते तरी कशी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पृथ्वीवरील भूभागाचे क्षेत्रफळ सुमारे १४.९ कोटी चौरस किलोमीटर आहे. जमिनीवरील अर्धा मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यास चित्रात एक बिंदू, म्हणजे एक पिक्सेल, द्यावयाचा म्हटले तर एका चौरस किलोमीटरास ४० लक्ष बिंदू लागतात, आणि सर्व भूभागास सुमारे ६०० लक्ष कोटी. इतका संग्रह कोणत्याही घरगुती यंत्रात ठेवता येणार नाही. तथापि सर्वसाधारण पडद्यावर एका वेळी जेमतेम वीस लक्ष बिंदूच दाखविता येतात. पाहणारा उंचावर असो की जमिनीलगत, डोळ्यांसमोर एवढेच बिंदू येणार. या साध्या निरीक्षणावर सर्व रचना उभी आहे.

दूरस्थ भांडारात एकाच प्रदेशाची चित्रे उतरंडीप्रमाणे रचून ठेवलेली असतात. सर्वांत वरच्या पायरीवर संपूर्ण पृथ्वीचे ढोबळ चित्र असते; प्रत्येक खालच्या पायरीवर वरच्या एका तुकड्याचे चार तुकडे होतात आणि तपशील वाढत जातो. पाहणारा ज्या उंचीवर आणि ज्या ठिकाणी असेल तेथील तेवढे तुकडे संगणक मागवून घेतो व बाकीचे सोडून देतो. खाली उतरताना चित्र प्रथम धूसर दिसून मग स्पष्ट होते, त्याचे कारण हेच.

यापुढील गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या उतरंडीच्या निरनिराळ्या पायऱ्या निरनिराळ्या उपग्रहांच्या असतात. वरच्या पायऱ्यांवर बहुधा लँडसॅटचे चित्र असते. त्याच्या रंगीत चित्रातील एक बिंदू म्हणजे जमिनीवरील ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद चौकोन. त्यात घर, आंगण, विहीर आणि बांध यांचा मिळून एकच रंग होतो. खालच्या पायऱ्यांवर खाजगी कंपन्यांच्या उपग्रहांची चित्रे येतात. १९९९ मध्ये सोडलेल्या इकोनॉस उपग्रहाने सुमारे एक मीटरपर्यंतचा तपशील प्रथमच व्यापारी स्वरूपात उपलब्ध केला, आणि २०१४ मधील वर्ल्डव्ह्यू-३ ने ती मर्यादा सुमारे ३१ सेंटिमीटरांवर आणली. अनेक शहरांची चित्रे तर उपग्रहाची नसून विमानातून घेतलेली असतात. म्हणजे आकाशातून एका गावात 'उतरण्याचा' जो अखंड अनुभव येतो, त्यात पाहणारा नकळत एका साधनातून दुसऱ्या साधनात आणि एका वर्षातून दुसऱ्या वर्षात गेलेला असतो.

काळाचा प्रश्न

दस्तऐवजाला मिती असते. या चित्राला अनेक मित्या असतात. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत कधी कधी वर्षांचे अंतर आढळते. एका बाजूस हिरवे असलेले शेत सांध्यापलीकडे एकाएकी पिवळे होते. अर्धवट बांधलेला पूल सांध्यापाशी तुटतो. असे सांधे दिसले तर ते उपकारकच मानले पाहिजेत, कारण चित्र जोडलेले आहे याची ते आठवण देतात. खरा धोका न दिसणाऱ्या सांध्यांचा आहे. लँडसॅटवरून बनविलेल्या निरभ्र पृथ्वीच्या चित्रात एकाच जागेच्या अनेक दिवसांच्या चित्रांतून ढगविरहित बिंदू निवडून एकत्र केलेले असतात. असे चित्र दिसावयास निर्दोष असते. परंतु पृथ्वी तशी कोणत्याही एका क्षणी दिसली नव्हती. त्याला एक तारीख देणे शक्यच नाही.

निरभ्रतेच्या या हव्यासाचा परिणाम मान्सूनच्या प्रदेशात विशेष जाणवतो. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला ढगाआडचे दिसत नाही. त्यामुळे कोकण व सह्याद्री यांची पडद्यावरील स्पष्ट चित्रे प्रायः हिवाळ्यातील किंवा उन्हाळ्यातील असतात. भातखाचरे कोरडी, सडे करपलेले आणि ओढे आटलेले असे कोकण त्यांत दिसते. ज्या चार महिन्यांवर त्या भूमीचे सर्व अर्थकारण अवलंबून आहे, नेमके तेच महिने तेथे गैरहजर असतात. एखाद्या विद्यार्थ्याने अशा चित्रावरून खरिपाच्या पिकाखालील जमीन मोजू म्हटले, तर त्याच्या हाती पडीक जमिनीचा आकडा येईल, आणि तो आकडा तक्त्यात पूर्ण आत्मविश्वासाने उभा राहील. येथे चित्राने खोटे काहीच सांगितलेले नसते. ज्या ऋतूत ते साक्षीदार नव्हते त्या ऋतूविषयी त्याला विचारले गेले, ही चूक अभ्यासकाची असते. ढगांतून पार जाणाऱ्या रडार-लहरींवर चालणारे उपग्रह, उदाहरणार्थ २०१२ मधील रिसॅट-१ व २०१४ मधील सेंटिनेल-१, याच उणिवेच्या निवारणासाठी उपयोगी पडले; परंतु त्यांची चित्रे वाचण्याची विद्या वेगळी आहे आणि घरगुती गोलावर ती सहसा दिसत नाहीत.

या बाबतीत प्रणालीतच एक साहाय्यही आहे. फेब्रुवारी २००९ पासून जुनी चित्रे वर्षानुक्रमे पाहण्याची सोय तीत झाली. एकच जागा दहा-वीस वर्षांच्या अंतराने पाहता येऊ लागल्यामुळे नदीचे सरकलेले पात्र, डोंगरउतारावरील दरड अथवा शहराने गिळलेली शेते यांचा अभ्यास सुलभ झाला. मात्र तुलना करावयाची दोन्ही चित्रे एकाच ऋतूतील असावीत, हा नियम येथेही लागू आहे. मार्चमधील तलाव आणि ऑक्टोबरमधील तलाव यांची तुलना करून जलसाठा वाढला असे म्हणणे हे संशोधन नव्हे.

उंची व स्थान

पडद्यावर डोंगर उठावाने दिसतात याचे श्रेय चित्रास नाही. उंचीची माहिती स्वतंत्र साधनातून येते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या उड्डाणात रडारच्या साहाय्याने उत्तर अक्षांश ६०° ते दक्षिण अक्षांश ५६° यांमधील भूमीच्या उंचीचे मापन केले. त्या मापनाने तयार झालेल्या जाळ्यावर उपग्रहचित्र एखाद्या वस्त्राप्रमाणे पांघरले जाते. आता जाळ्यातील प्रत्येक स्थानास एकच उंची असते. सपाट प्रदेशात यामुळे काही बिघडत नाही. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी मोठा घोटाळा होतो. तो कडा केवळ उभा नाही, तो आत वळलेला आहे. एका स्थानास एकच उंची देणाऱ्या जाळ्यात असे अंतर्वक्र रूप व्यक्त होऊच शकत नाही. शिवाय वरून पाहणाऱ्या उपग्रहास उभ्या कड्याचा पृष्ठभाग जवळजवळ दिसतच नाही; म्हणून माथ्यावरचे थोडेसे बिंदू ताणून तो भाग भरून काढलेला असतो. परिणामी कडा उतरणीसारखा होतो आणि त्यावर लांबट रेघा ओढल्यासारख्या दिसतात. त्या रेघांना खडकाचे थर समजण्याची चूक होण्यासारखी आहे.

स्थाननिश्चितीतही अशीच सावधगिरी पाहिजे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील निरनिराळ्या शहरांतील ४३६ बिंदू तपासले असता गूगल अर्थवरील स्पष्ट चित्रांत स्थानाची चूक सुमारे ४० मीटर भरली, आणि विकसित देशांपेक्षा विकसनशील देशांत ती अधिक आढळली. त्यानंतर चित्रे बदलली व सुधारली हे खरे. तथापि पडद्याच्या तळाशी अक्षांश-रेखांशाचे आकडे अनेक दशांशस्थळांपर्यंत दाखविले जातात, म्हणून स्थान तितके अचूक ठरत नाही. आकड्यातील दशांशस्थळांची संख्या आणि मापनाची अचूकता या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

दोन फसगती

संमिश्र साधनांचा हा धोका किती खोलवर जातो हे दोन घटनांवरून ध्यानात येते. फेब्रुवारी २००९ मध्ये या प्रणालीत समुद्रतळाचा समावेश झाला, आणि थोड्याच दिवसांत कॅनरी बेटांजवळच्या अटलांटिक महासागरात काटकोनात छेदणाऱ्या सरळ रेषांचे एक विस्तीर्ण जाळे लोकांच्या नजरेस पडले. बुडालेल्या अटलांटिस नगरीचे रस्ते सापडले अशी हाकाटी झाली. वस्तुतः त्या रेषा म्हणजे खोली मोजीत गेलेल्या जहाजांचे मार्ग होते. ज्या रेषांवरून जहाजे गेली तेथे खोली प्रत्यक्ष मोजलेली होती; मधल्या भागात ती उपग्रहांच्या आधारे अनुमानिलेली होती. दोन माहित्यांचा मेळ नीट न बसल्यामुळे मोजमाप करणाऱ्याच्या पाऊलखुणाच भूमीवर उमटल्या. २०१२ मध्ये माहिती सुधारण्यात आल्यावर ते 'नगर' नाहीसे झाले.

दुसरी घटना याहून बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलिया व न्यू कॅलेडोनिया यांमधील समुद्रात 'सँडी आयलंड' नावाचे एक लांबट बेट अनेक नकाशांत दाखविलेले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये 'सदर्न सर्व्हेअर' हे ऑस्ट्रेलियाचे संशोधन-जहाज तेथे पोहोचले तेव्हा बेट तर नव्हतेच, उलट समुद्राची खोली १३०० मीटरांहून अधिक भरली. या बेटाचा मागोवा घेता तो १८७६ मधील 'व्हेलॉसिटी' नामक जहाजाच्या नोंदीपर्यंत गेला. ती नोंद १९०८ च्या ब्रिटिश नौदलाच्या नकाशात उतरली. फ्रेंच नाविक खात्याने १९७९ मध्ये आपल्या नकाशांतून हे बेट काढून टाकले होते; परंतु तोपर्यंत जुन्या नकाशांची किनाररेषा संगणकीय संग्रहांत शिरण्याच्या मार्गावर होती. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातील एका खलाशाचा समज एकविसाव्या शतकातील उपग्रहचित्रावर येऊन बसला. गूगल अर्थवर त्या जागी बेटाच्या आकाराचा काळा ठिपका दिसत असे. किनारा आहे असे एक साधन सांगत होते आणि जमिनीचे चित्र दुसऱ्या साधनात नव्हते. त्या विसंगतीचाच तो ठिपका होता. ज्यांनी तो पाहिला त्यांपैकी बहुतेकांना बेट दिसले. त्याची उत्पत्ती शोधण्याची बुद्धी फार थोड्यांना झाली.

पडद्यावरून भूमीकडे

यावरून हे साधन टाकाऊ आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अन्यायाचा होईल. योग्य प्रश्न घेऊन आलेल्यास याच पडद्याने अपूर्व फळे दिली आहेत. २००८ मध्ये व्हिन्चेन्झो दे मिकेले या इटालियन खनिजशास्त्रज्ञास नैर्ऋत्य इजिप्तच्या वाळवंटाची चित्रे पाहताना सुमारे ४५ मीटर व्यासाचा एक वर्तुळाकार खळगा आढळला. फेब्रुवारी २०१० मध्ये इटली व इजिप्त येथील संशोधकांचे पथक तेथे गेले, त्यांनी लोहमय अशनींचे हजारो तुकडे गोळा केले, आणि तेव्हा कोठे 'कामिल विवर' हे उल्कापाताने झालेले आहे असे सिद्ध झाले.

येथे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे स्मरण अपरिहार्य आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आकाशातून अत्यंत रेखीव वर्तुळ दिसते. परंतु त्याचा वर्तुळाकार दिसत असूनही दीर्घकाळ अनेक भूशास्त्रज्ञ ते ज्वालामुखीजन्य मानीत होते. आघाताने रूपांतरित झालेली खनिजे तेथील खडकांत सापडली, आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो वाद उल्कापाताच्या बाजूने निर्णायकपणे झुकविला. आकृती अनुमान सुचविते. निर्णय दगड देतो.

मोझांबिकमधील माबू पर्वताची गोष्ट आणखी एक बाजू दाखविते. क्यू येथील वनस्पतिउद्यानाच्या प्रकल्पात काम करणारे ज्युलियन बेलिस यांनी २००५ मध्ये उंच पर्वतांवरील जंगले या चित्रांतून शोधली आणि माबूवरील सुमारे ७००० हेक्टरांचे वर्षावन शास्त्रज्ञांच्या दृष्टीस आणून दिले. नंतरच्या मोहिमांत तेथे साप, सरडे व फुलपाखरे यांच्या नव्या जाती मिळाल्या. तथापि या वनाचा 'शोध' लागला असे म्हणताना शब्द जपून वापरला पाहिजे. १९९२ मध्ये संपलेल्या यादवी युद्धात आसपासच्या रहिवाशांनी त्याच वनात आसरा घेतला होता. वन त्यांना माहीत होते. नव्हते ते शास्त्राच्या नोंदवहीत.

ज्ञान जमिनीवर असते आणि पडदा त्याचा माग काढण्यास साहाय्य करतो, याचे सर्वांत हृद्य उदाहरण सरू ब्रायर्ली यांचे आहे. १९८६ मध्ये खांडवा येथील पाच वर्षांचा हा मुलगा आगगाडीतून चुकून कलकत्त्यास पोहोचला आणि पुढे टास्मानियातील एका कुटुंबाने त्याला दत्तक घेतले. मोठेपणी त्यांनी प्रवासाचे तास आणि गाडीचा वेग यांवरून अंतराचा अंदाज बांधला, आणि कलकत्त्याहून निघणाऱ्या लोहमार्गांवरून पडद्यावर एकेक स्टेशन पाहत जाण्याचा क्रम ठेवला. अंदाज ढोबळ होता. गावाचे नावही त्यांना नीट आठवत नव्हते. परंतु स्टेशनजवळची पाण्याची टाकी, पूल आणि नदीकडे जाणारी वाट ही बालपणीची चित्रे मनात पक्की होती. २०११ मध्ये बऱ्हाणपूरचे स्टेशन त्यांना ओळखीचे वाटले, तेथून लोहमार्गाने पुढे जाता खांडवा सापडले, आणि २०१२ मध्ये तेथे जाऊन त्यांनी आपल्या आईची भेट घेतली. ते स्टेशन तोपर्यंत असंख्य लोकांनी पडद्यावर पाहिले असेल. पण त्या चित्रात घर पाहू शकेल असा डोळा एकाच माणसापाशी होता.

चित्राचे मौन

काय दिसते याइतकेच काय दिसत नाही हेही साधनचिकित्सेत मोजावे लागते. काही मौन राजकीय असते. इस्राएलच्या भूमीची स्पष्ट चित्रे विकण्यावर अमेरिकेने १९९६ मध्ये कायद्याने बंधन घातले, आणि अनेक वर्षे तेथील चित्रे दोन मीटरांहून अधिक स्पष्ट नसत. २०२० मध्ये ही मर्यादा ०.४ मीटर करण्यात आली. ऑक्टोबर २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी संरक्षणदृष्ट्या नाजूक स्थळे अशा रीतीने उघडी पडण्याबद्दल चिंता व्यक्त केली होती. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत सरकारने भूस्थानिक माहितीविषयीचे नियम पुष्कळ सैल केले. पडद्यावर काय दिसावे हे केवळ भिंगाची शक्ती ठरवीत नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरे मौन प्रमाणाचे असते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली कातळशिल्पे आज सर्वश्रुत आहेत. २०२२ मध्ये कोकणातील या शिल्पस्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यांतील काही आकृती कित्येक मीटर लांब आहेत. परंतु त्यांची खोदरेषा अरुंद असते, आणि जेथे एक बिंदू अर्ध्या मीटरचा आहे तेथे अशी रेषा सभोवतालच्या कातळात विरून जाते. ही शिल्पे मुख्यतः उजेडात आली ती स्थानिक शोधकांनी सडे पायी तुडविल्यामुळे आणि गुराखी व शेतकरी यांना विचारपूस केल्यामुळे. घरी बसून सड्याचे चित्र पाहणाऱ्यास तेथे काही नाही असेच वाटले असते. न दिसणे हा नसण्याचा पुरावा होत नाही, हा न्याय येथे विशेष ध्यानात ठेवावा लागतो.

उपसंहार

सारांश, प्रबंधात उपग्रहचित्र वापरावयाचे असल्यास त्याची मिती, त्याचा उपग्रह अथवा विमान, एका बिंदूने व्यापलेली जमीन आणि चित्र पाहिल्याचा दिवस या चार गोष्टी त्याखाली नमूद असणे अगत्याचे आहे. चित्र पाहिल्याचा दिवस यासाठी की हा दस्तऐवज मालकाच्या इच्छेने केव्हाही बदलतो, आणि आज दिलेला पुरावा उद्या त्या जागी असेलच असे नाही. मिती एक नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. चित्रावरून काढलेले अनुमान आणि जागेवर पडताळलेली वस्तुस्थिती यांत वाचकाला भेद करता येईल अशी मांडणी असावी, आणि पडताळणी शक्य झाली नसेल तर अनुमान अनुमान म्हणूनच सांगावे.

पूर्वी क्षेत्रपाहणीस निघण्यापूर्वी सर्व्हे खात्याचा नकाशा भिंतीवर लावून विद्यार्थी तासन्‌तास त्याचा अभ्यास करीत. घरच्या संगणकावरील गोल हा त्या नकाशाचा समर्थ वारस आहे. कोठे जावे आणि तेथे काय विचारावे हे तो नकाशापेक्षा पुष्कळ चांगले सांगतो. तथापि नकाशा पाहून झाल्यावर तो गुंडाळून बाहेर पडावे लागे, हे त्या पिढीला सांगावे लागत नसे. नव्या साधनाच्या अभ्यासकानेही तेवढे ध्यानात ठेवले, तर अभ्यासिकेत उघडणारी ही खिडकी त्याला खरोखरच भूमीपर्यंत नेऊन पोहोचवील.